दारव्ह्यातली नळी

मूर्तिजापूरहून कारंजा आणि तिथून दारव्हा, असा आमचा एसटीचा प्रवास. वाटेत ठिकठिकाणी शकुंतला रेल्वेचे रूळ दिसतात. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटरची ही अरुंद लाइन कापसासाठी टाकली होती. आता रुळांत गवत वाढलंय. समुद्रावरच्या माणसाचा माग काढायला वऱ्हाडात कशाला जायचं, असं कुणीही विचारेल. पण बोटीवर कोळसा ओढणाऱ्या, बॉयलर सांभाळणाऱ्या आगवाल्याला कापसाच्या मुलखात काम मिळत असे. जिनिंग-प्रेसिंगलाही वाफ लागायची आणि बॉयलर ओळखणारा माणूस लागायचा.

दारव्ह्यापासून थोडं आत एक गाव आहे. मूळ रत्नागिरीकडचं हे घर आता तीन पिढ्या वऱ्हाडी बोलतंय. आजी म्हणाल्या, "आमचा आजा बोटीवर होता म्हनत. कोनती बोट, थे कोनाले मालूम?"

खरी अडचण तीच. जुन्या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या खलाशी-याद्या नाववार लावलेल्या नाहीत, त्या जहाजाच्या अधिकृत क्रमांकाने लावल्या आहेत. 1855 पासून नोंदणी झालेल्या प्रत्येक जहाजाला असा क्रमांक मिळत गेला. जहाज विकलं, नाव बदललं, तरी क्रमांक तोच राही. एकाच नावाची चार-पाच जहाजं सापडतात, म्हणून नुसत्या नावावर भिस्त ठेवली की हमखास फसगत होते. नाव ठाऊक असेल तर जुन्या 'मर्कंटाइल नेव्ही लिस्ट'मधून क्रमांक काढता येतो. 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट'च्या संकेतस्थळावर ते फुकट होतं.

इथे मात्र नशिबाने नळी निघाली. खलाशाला प्रत्येक फेरीनंतर जो दाखला मिळे, तो पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून दाखल्यालाही नळीच म्हणत. ही आढ्याजवळच्या फळीवर होती, झाकण गंजून घट्ट बसलेलं. असं झाकण पकडीने पिरगाळू नये, पत्रा आतल्या कागदात घुसतो. गंजावर तेलाचा एकच थेंब सोडला आणि अर्धा तास थांबलो. आतला कागद वऱ्हाडातल्या उन्हाळ्याने पापडासारखा झाला होता. तो तिथेच उलगडला असता तर घड्यांवर तुटला असता. रात्रभर झाकलेल्या डब्यात ओल्या फडक्याशेजारी ठेवला, फडक्याला टेकू न देता. सकाळी निम्मा आपोआप सैल झाला. जेवढा उलगडला तेवढ्याचे सावलीत तुकड्या-तुकड्याने फोटो काढले. लॅमिनेशन करून आणतो म्हणणाऱ्या नातवाला मात्र आम्ही हात जोडले. एकदा चिकटलं की कागद सुटत नाही.

एकेका ओळीत जहाजाचं नाव, क्रमांक, हुद्दा, भरती आणि सुटीची, म्हणजे कामावरून मोकळं केल्याची, तारीख-बंदर, शेवटी वर्तणुकीचा शिक्का. तिसऱ्या ओळीतलं नाव निम्मं पुसलंय, पण सहा आकडी क्रमांक शाबूत. आम्हाला तेवढाच हवा होता. हुद्दा 'फायरमन', म्हणजे आगवाला. भरती डिसेंबर 1924, सुटी 1925, बंदर लंडन.

यातली सुटीची तारीख महत्त्वाची, कारण यादी फेरी संपल्याच्या वर्षात ठेवली जाते. 1924 मध्ये शोधणारा रिकाम्या हाती परततो. 1925 हे 5 ने संपणारं वर्ष, त्यामुळे ती यादी बहुधा ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये असणार. 1938 पर्यंतच्या याद्यांपैकी सुमारे 10 टक्के नमुना लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजकडे, 5 ने संपणाऱ्या वर्षांचं बाकीचं ग्रिनिचला आणि इतर वर्षांतलं बरंचसं न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत. नावाने शोधायची सोय 1915 च्या याद्यांना आहे, फुकट.

यादी हाती आली तरी तिच्यात आजा असेलच असं नाही. हिंदुस्थानी खलाशी बहुधा वेगळ्या करारपत्रावर, सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली टोळीने भरती होत. इंग्रजी यादीत मग त्यांचा फक्त आकडा येतो, नाहीतर वेगळ्या कराराचा उल्लेख. नाव असलंच तर आधी 'मागचं जहाज' हा रकाना पाहावा. त्यावरून एकेक फेरी मागे सरकता येतं. नावाच्या स्पेलिंगवर आमचा भरवसा नाही. बापाचं नाव आडनावाच्या जागी सर्रास येतं. वय, गाव, हुद्दा, मागचं जहाज यांतल्या तीन गोष्टी जुळल्या तर माणूस तोच.

घरात टोपीवर 'एच. एम. आय. एस.' अशी फीत असलेला फोटो असेल तर तो माणूस नौदलातला. व्यापारी याद्या त्याच्यासाठी उलथ्यापालथ्या करू नयेत.

वयासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकला: गाव, मयताचं नाव आणि सालाचा पट्टा, 1935 ते 1945. एकच साल लिहिलं तर तेवढंच पान पाहून 'नोंद नाही' असा शेरा मिळतो. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतंच बऱ्याचदा, 'अमक्यास मुलगा' एवढंच. म्हणून आम्ही मृत्यूची नोंद धरली. इंग्रजी कागदांसाठी स्पेलिंगही जुनी लक्षात ठेवावी लागतात. यवतमाळचं तिथे 'येओटमल' होतं आणि 1905 पूर्वी तो जिल्हा 'वून' नावाने आहे.

नोंद निघाली 1941 ची, वय 45. नळीत 1924 ला वय 23. म्हणजे जन्म एका हिशेबाने 1896, दुसऱ्याने 1901. रत्नागिरीकडे शोध आता 1894 ते 1903 एवढ्या पट्ट्यात. नळीवर तालुका राजापूर आहे, आजी मात्र देवरुखावर ठाम. दोन्हीकडे जावं लागेल.