ग्रासकटरने घेतलेला रविवार

काजूच्या बागेत कंबरभर गवत आणि ग्रासकटर काही सुरू होईना. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. पडवीतून आई, "कोयतो देवू?"

शेवटी उघडलाच. एअर फिल्टर म्हणजे नुसती मातीची पोळी! साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत टाकला. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काळाकुट्ट, घासून त्याच्या टोकांमधली गॅप ०.६ मिमी केली. खरी गोम टाकीत होती. जूनपासून पडलेलं पेट्रोल, वास वार्निशसारखा. ते काढून ताजं भरलं, माझ्या मशीनला लिटरमागे २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, मापून. (गेल्या वर्षी अंदाजपंचे ओतलं होतं. धूर बघून शेजारी विचारायला आले, काजू भाजताय का?)

चौथ्या ओढीला फुर्रर्र! आईने कोयता परत ठेवला, पण हाताशीच.