ट्यूबची पट्टी

नववीत होतो, साल १९७७. इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर 'ॲटेन्युएट' हा शब्द लिहिला आणि मला उभं केलं. मी घरून शब्दकोश पाहून आलो होतो. "कमकुवत करणे," मी ठासून सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर. पण ताप कमकुवत करतो, उपासही करतो. हा शब्द कसा कमकुवत करतो, ते सांग."

मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सर सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी घेऊन आले. त्या काळी पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला, त्यामुळे ट्यूब मिळायला अडचण नव्हती. पट्टीवर त्यांनी खडूने लांबच लांब जाड रेघ ओढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून ते मागे मागे सरकू लागले. पट्टी लांबली तशी मधे निमुळती झाली, रेघ बारीक होत फिकट पडली. रबर होतं तेवढंच होतं. "टेन्युइस म्हणजे लॅटिनमध्ये बारीक, पातळ," सर म्हणाले. "त्याच्यामागे ॲड हा उपसर्ग लागला आणि बारीक करण्याचं क्रियापद झालं. जोर कमी होणं हा अर्थ नंतरचा."

मधल्या सुट्टीत ते मला शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेले. संस्कृतच्या बाईंनी डबा बाजूला सारला आणि शब्द ऐकताच म्हणाल्या, "अरे, हा तर आपला तनु!" तन् म्हणजे ताणणे, त्यातूनच तंतू आणि ताण. तनु म्हणजे बारीक, कृश. लॅटिनचा टेन्युइस, इंग्रजीतला थिन आणि आपला तनु एकाच मुळाचे. मग बाईंनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं सूत्र म्हटलं: समाधिभावनार्थः क्लेशतनूकरणार्थश्च. म्हणजे समाधी साधण्यासाठी आणि क्लेश बारीक करण्यासाठी. तनूकरण! ॲटेन्युएटला याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. क्षीणन हा पारिभाषिक शब्द मी पुढे नोकरीत रोज वापरला, पण त्यात ती ताणलेली पट्टी दिसत नाही.

नोकरी टेलिफोनच्या केबलची. आधी तांबं, नंतर काचेचा तंतू. चांगल्या तंतूत प्रकाश किलोमीटरला ०.२ डेसिबल घटतो, म्हणजे पंधरा किलोमीटरवर ३ डेसिबल, जवळपास निम्मा. तपासणी यंत्राच्या पडद्यावर ही घट उतरत्या रेघेसारखी दिसते. सांधा खराब असेल तिथे रेघ एकदम खाली पडते. ती पाहताना दरवेळी खडूची रेघ आठवायची.

नातीला बीसीजीची लस टोचायला नेलं, तेव्हा या शब्दाची वेगळीच बाजू समजली. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून गाईच्या क्षयाचे जंतू बैलाच्या पित्तात भिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवले. दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर, असे २३० वेळा, तेरा वर्षं. शेवटी जंतू जिवंत राहिले, पण रोग करण्याची ताकद गेली. पहिली मात्रा बाळाला दिली ती १९२१ मध्ये. अशा लशीला इंग्रजीत लाइव्ह ॲटेन्युएटेड म्हणतात. जंतू मारायचा नाही, त्याचा जोर तनु करायचा. बाईंचं सूत्र मला त्या दवाखान्याच्या बाकावर पुरतं उमगलं.

हे सांगायला मी सरांच्या घरी गेलो. त्यांनी नव्वदी ओलांडली होती, कानाचं यंत्र टेबलावर पडलेलं. माझं अर्धं बोलून झाल्यावर त्यांनी हात वर केला. "जवळ ये रे. माझ्यापर्यंत येईस्तोवर तुझा आवाज ॲटेन्युएट होतोय."

मी खुर्ची त्यांच्या गुडघ्यापाशी ओढली आणि बटाट्याच्या कापांपासून पुन्हा सुरुवात केली.