आठ पेशंट, आठही जणांचं रेस्पिरेशन १८

नर्सिंगच्या सेकंड इयरला असताना माझ्यावर कॉलेजची चौकशी बसली होती. कॉपीची. आता नोकरीला लागून बरेच दिवस झालेत म्हणून लिहितोय, कारण ज्युनिअर पोरं-पोरी मेसेज करून विचारत असतात की नोटीस आलीय, आता काय होतं, काढून टाकतात का. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे, मी फक्त माझं काय झालं ते सांगतो.

मेड-सर्जचं, म्हणजे मेडिकल-सर्जिकल वॉर्डातलं पोस्टिंग होतं, सोमवारी केअर प्लॅन, म्हणजे एका पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा लेखी आराखडा, द्यायचा होता आणि रविवारी रात्री माझ्याकडे पेशंटची हिस्टरी सोडून काहीच नव्हतं. एका सीनिअरने त्याची जुनी फाइल पाठवली, डायबेटिक फूटचीच केस, म्हणजे डायबेटिसमुळे पायाला झालेली जखम. त्याच्या पेशंटचा उजवा पाय, माझ्या पेशंटचा डावा. मग काय, फाइंड अँड रिप्लेस. जिथे जिथे ‘राइट’ होतं तिथे तिथे ‘लेफ्ट’ करून टाकलं, एकदाही वाचलं नाही, पीडीएफ केली आणि झोपलो.

औषध देताना पाळायच्या पाच गोष्टी आपण पहिल्या वर्षापासून घोकतो, राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस, राइट रूट, राइट टाइम. माझ्या केअर प्लॅनमध्ये त्या झाल्या ‘फाइव्ह लेफ्ट्स’. लेफ्ट पेशंट, लेफ्ट ड्रग, लेफ्ट डोस... आणि खाली ‘पेशंट हॅज द लेफ्ट टू रिफ्यूज ट्रीटमेंट’. मॅडमनी तेवढं पान मला मोठ्याने वाचायला लावलं. त्या हसल्या नाहीत, हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यात त्या फाइलच्या हेडरमध्ये जुन्या पेशंटचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर तसाच राहिलेला. मला वाटत होतं लफडं फक्त कॉपीचं आहे, पण हे वेगळंच प्रकरण निघालं, कारण कुणाच्या तरी आजाराची माहिती त्या माणसाला न विचारता एका पोराच्या मोबाइलमधून दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये गेली होती. हल्ली पोरं पेशंटची अख्खी हिस्टरी चॅटजीपीटीत टाकतात आणि म्हणतात की कॉपी नाहीये सर, मी स्वतः बनवून घेतलंय. अरे पण नाव, वय, नंबर कुठे टाकलास ते बघ आधी.

खरी गोची मात्र पुढे झाली. केअर प्लॅनमधली माहिती तरी खरी आहे का हे बघायला मॅडम वॉर्डात गेल्या आणि टीपीआरचं, म्हणजे टेम्परेचर, पल्स आणि रेस्पिरेशनचं (मिनिटाला श्वास किती) रजिस्टर उघडलं. सकाळी ६ चा रकाना, माझी सही, आठ पेशंट. टेम्परेचर वेगवेगळं, पल्स वेगवेगळी, आणि रेस्पिरेशन वरपासून खालपर्यंत १८, १८, १८, १८. टेम्परेचर आणि पल्स मी खरंच घेतली होती हो. रेस्पिरेशन कोण मोजतं? नॉर्मल मोठ्या माणसाचं १२ ते २० असतं हे पाठ, माणूस उशीला टेकून नीट बोलतोय, मग १८ लिहायचं आणि पुढे जायचं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, पहिल्या आठवड्यात आजूबाजूला बघून आपोआप आलं.

नोटीस हातात आली, त्यात दोन आरोप. एक, दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर देणं. दोन, न घेतलेली नोंद रेकॉर्डमध्ये लिहिणं. सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. माझा पहिला खुलासा तीन पानांचा झाला, झोप नव्हती, स्टाफ कमी होता, सगळेच करतात, सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये (मजकूर किती टक्के दुसरीकडे जुळतो ते दाखवणारा) नर्सिंग डायग्नोसिसची ठरलेली वाक्यंसुद्धा लाल होतात वगैरे वगैरे. शेवटचा मुद्दा खरा आहे बरं का, नुसत्या टक्क्यावरून कॉपी ठरत नाही, ठरलेली वाक्यं सगळ्यांची सारखीच असतात. पण माझ्याकडे ‘लेफ्ट ड्रग’ होतं, मी कुठल्या तोंडाने टक्क्यांवर वाद घालणार. रूममेटने तीन पानं वाचली आणि एवढंच म्हणाला, यात तू काय केलंस ते कुठे लिहिलंय? फाडून पुन्हा लिहिलं, अर्धं पान झालं. फाइल कधी घेतली, काय बदललं, कुठल्या दिवशीचे आकडे न मोजता लिहिले.

त्यातलं सगळ्यात अवघड म्हणजे फाइल कुणाची हे सांगणं. आदल्या रात्री सीनिअरला फोन केला, म्हटलं दादा, उद्या विचारतील, मी खोटं बोलणार नाहीये. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला सांग. त्याला लेखी ताकीद मिळाली, कारण काम देणाऱ्यालाही नियम लागू होतो आणि वर ते पेशंटचं नाव. आमचं बोलणं तेव्हापासून कमीच झालंय. चूक कुणाची, तर दोघांची, पण झोपेतून उठून त्याला उत्तर द्यावं लागलं ते माझ्या आळसामुळे, हे डोक्यातून जात नाही.

समितीत चार जण होते, त्यातल्या एक हॉस्पिटलच्या बाजूच्या सिनिअर सिस्टर. केअर प्लॅनवर पाच मिनिटं पण बोलणं झालं नसेल. उरलेला सगळा वेळ त्या १८ वर. सिस्टरनी विचारलं, ‘‘तुझ्यानंतरच्या शिफ्टने तुझा आकडा खरा धरला असेल ना?’’ मी म्हटलं हो. ‘‘आणि एखाद्याचं खरं २४ असतं तर?’’ मला उत्तर येत होतं, म्हणूनच बोलता येईना. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा श्वासाचा वेग आधी वाढतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या न्यूज टू स्कोअरमध्ये (पेशंट बिघडतोय का हे आकड्यांवरून ओळखायचा स्कोअर), २०१७ चा तो, रेस्पिरेशन २१ ते २४ ला दोन पॉइंट आहेत, २५ आणि त्याच्या वर तीन. १८ ला शून्य. म्हणजे मी आठ जणांना न बघता शून्य देऊन मोकळा झालो होतो.

निकाल असा लागला: केअर प्लॅनला शून्य, नवीन पेशंटवर पुन्हा करायचा, त्याच वॉर्डात २४ तास जादा पोस्टिंग, एक रिफ्लेक्शन, आणि फाइलला नोंद. काढून नाही टाकलं. पुढे एका नोकरीच्या फॉर्मवर ‘शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का’ असा रकाना आला तेव्हा ‘हो’ लिहून निकालाची कॉपी जोडली. इंटरव्ह्यूत एक प्रश्न आला, उत्तर दिलं, संपलं. लपवलं असतं आणि नंतर सापडलं असतं तर वेगळीच भानगड झाली असती.

रिफ्लेक्शन लिहायला म्हणून आंतरराष्ट्रीय नर्सेस कौन्सिलचा कोड पहिल्यांदा नीट वाचला. पहिला कोड १९५३ चा, सुधारलेला २०२१ चा, आणि आम्हाला परीक्षेत फक्त साल विचारतात. नर्सिंगला घेतात त्या शपथेचं पण तसंच. आम्ही सगळे समजत होतो की नाइटिंगेल प्लेज नाइटिंगेलनेच लिहिली, ती खरं १८९३ मध्ये अमेरिकेत लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने तयार केली. पेशंटची खाजगी माहिती बाहेर जाऊ देणार नाही असं त्यात आहेच. दिवा हातात धरून मी ते म्हटलं होतं, फोटो पण आहे.

जादा पोस्टिंगला इनचार्ज सिस्टरनी घड्याळ बघितलं आधी, सेकंद काटा आहे ना म्हणून. मग काय, मनगट धरून ठेवायचं, पेशंटला वाटतं पल्स चाललीय, आणि नजर छातीवर. सांगून मोजलं तर माणूस श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट. आठ जणांना सगळं धरून अर्ध्या तासाच्या वर गेला, आणि तेव्हा कळलं की सगळे १८ का लिहितात, तेवढा वेळ कुणाकडे नसतोच. हे मी समितीपुढे बोलायला पाहिजे होतं, सबब म्हणून नाही, पण बोलायला पाहिजे होतं.

पहिल्याच सकाळी पाच नंबरच्या काकांचं २४ भरलं. धावत गेलो, सिस्टर, २४ आहे, सिस्टर. त्या आल्या, काकांना विचारलं, ते म्हणाले, अगं आत्ताच बाथरूमला जाऊन आलो, दम लागलाय जरा. दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजायला सांगितलं. मोजलं, मग खात्री करायला आणखी एकदा मोजलं. १८.

रजिस्टर घेऊन पाच मिनिटं उभा होतो. कोण विश्वास ठेवणार. शेवटी आधीचं २४, बाथरूमहून आल्यावर, वेळ, आणि पुढे १८, वेळ, असं दोन्ही लिहून सही केली.