मणक्याच्या पाण्यातला न्यूमोकोकस: सेन्सिटिव्हिटी लावतानाचा अनुभव

नाशिकच्या लॅबमध्ये मेंदूज्वराच्या नमुन्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतूवर कुठलं अँटिबायोटिक चालेल ते, लावताना पहिली अडचण येते ती बर्फाची. सुरगाणा-पेठकडून मणक्याचं पाणी बर्फात घालून येतं आणि न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस हे मेंदूज्वराचे जंतू वाटेतच मरतात. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली, जंतू दिसतात, वाढीची प्लेट मात्र कोरी. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवण्यासाठीचा, नमुना बर्फाशिवाय आणि लगेच पाठवा, हे फोनवर सांगून सांगून तोंड दुखतं.

न्यूमोकोकस उगवलाच, तर मी ब्लड अगार या रक्त घातलेल्या वाढ-माध्यमावरची 16 ते 18 तासांचीच वाढ घेते. शिळ्या वाढीत हा जंतू आपसूक विरघळायला लागतो. सलाइनमध्ये मॅकफर्लंड या मापाने 0.5 इतका गढूळपणा जुळवायचा आणि 15 मिनिटांच्या आत म्युलर-हिंटन अगार या चाचणीच्या माध्यमावर पसरवायचा. अगारात मेंढीचं रक्त 5 टक्के. ब्लड बँकेतली मुदत संपलेली पिशवी सहज मिळते, पण माणसाच्या रक्तात सायट्रेट असतं, कधी अँटिबायोटिकही, ती नकोच. पावसाळ्यात डिस्कची, म्हणजे अँटिबायोटिकच्या कागदी चकत्यांची, कुपी फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडली की आत दव धरतं आणि औषधाची ताकद उतरते. मग डिस्क ठेवून प्लेट 35 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, 20 ते 24 तास.

ऑक्सासिलिनच्या 1 मायक्रोग्रॅम डिस्कभोवतीचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, 20 मिमी किंवा जास्त आला तर पेनिसिलिन चालतं. 19 किंवा कमी आला की बरेच जण सरळ ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) लिहून मोकळे होतात. ते चूक; त्या झोनवरून काहीच ठरत नाही. झाकण काढून वरून मोजायचं, आणि वाढ थांबते तिथे, हिरवट कड्याशी नव्हे. मेंदूज्वरात तर डिस्कवर थांबूच नये. पेनिसिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन आणि मेरोपेनेमचा एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण (मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅम), काढायचा.

त्यासाठी आम्ही औषधाचं प्रमाण चढत गेलेली स्ट्रिप लावतो. तिच्यावर पेनिसिलिन 0.094 वाचलं तर वरच्या पायरीला, म्हणजे 0.12 ला न्यायचं. सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या मेंदूज्वराच्या निकषात 0.06 पर्यंत ‘एस’ (औषध चालतं) आणि 0.12 पासून ‘आर’. मधलं काही नाही. सेफ्ट्रायॅक्सोनचा एमआयसी 1 आला तर न्यूमोनियात तो ‘एस’, मेंदूज्वरात ‘आय’ (दोन्हींच्या मधला). सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याचा प्रकार चुकीचा पडला की इथेच घोटाळा होतो, म्हणून रकाना डोळ्यांनी तपासते.

सोबत एटीसीसी 49619 हा चाचणी बरोबर चालली का ते पाहण्यासाठीचा ठरलेला न्यूमोकोकस लावलेला असतोच. त्याचा ऑक्सासिलिन झोन 12 मिमीच्या वर गेला की त्या दिवशीचे रिपोर्ट अडवायचे.

एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, टेट्रासायक्लिन प्लेटवर कितीही छान दिसोत, मणक्याच्या पाण्याच्या रिपोर्टात लिहायची नाहीत.