लीद, चिखल आणि साडेसात फुटांचा बोळ

२०२५च्या मे महिन्यात आमच्या जुन्या जीपची चासी मोडली. तशी ती जीप नावालाच होती. मागची बॉडी कापून फळ्या ठोकलेल्या, टपाचा पत्ता नाही, आणि सकाळी चालू करायची म्हणजे उतारावरून ढकलायची. पण कंधारजवळच्या आमच्या रानात बारा जनावरांचा सगळा भार तिच्यावर होता. सात मारवाडी घोड्या, दोन काठेवाडी, दोन शिंगरं आणि एक म्हातारा नर. लीद नेणं, गवताच्या पेंढ्या आणणं, कुंपणाचे खांब, पाण्याची टाकी, मुरूम, सगळं तिच्याच पाठीवर.

घोडं पारखायचं म्हटलं तर पाय, छाती, भोवरे बघणं मला जमतं. गाडी पारखायची म्हटल्यावर मी कोरा. सल्ले मात्र गावभर. चुलतभाऊ म्हणाला, "माझा पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर दारात उभा आहे की. वेगळं कशाला घ्यायलास?" एका मित्राचं म्हणणं, सेकंडहँड पिकअप घे, माल पण नेता येतो आणि घोडी पण. पुण्यातल्या पाहुण्यांनी तर जाड टायरांच्या एटीव्हीचा फोटो पाठवला. तिला रस्त्यावर चालवायचं पासिंग सहसा मिळत नाही आणि तिचा सुटा भाग कंधारात कोण देणार, म्हणून तो विषय तिथंच संपला. आबा म्हणाले, बैलगाडी कर. ते चेष्टा करत नव्हते.

पिकअप मी घेतलीच होती म्हणा. नांदेडला एक बघितली, पावणेचार लाखांवर बोलणी आली, इसार द्यायचा तेवढा राहिला होता. घरी येऊन आमची घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दार मामांना सांगितलं. ते खरारा करत होते, मान वर न करताच म्हणाले, "आपल्या बोळात वळंल का ती?"

आमच्या तबेल्याच्या दोन ओळी समोरासमोर आहेत आणि मधला बोळ साडेसात फुटांचा. पलीकडचं टोक बंद, शेजाऱ्याची भिंत. दोन्ही बाजूंनी घोड्यांच्या माना बाहेर आलेल्या. पिकअप आत गेली असती, पण दार उघडून उतरायला जागा राहिली नसती आणि रोज सकाळी उलटी काढावी लागली असती. इसाराचे पैसे खिशातच राहिले.

मग मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. आठ दिवस वहीत प्रत्येक खेप लिहिली. काय नेलं, किती नेलं, कुठून कुठं. मोठं घोडं दिवसाला साधारण वीस किलो लीद टाकतं. ओलं गवत-भुस्सा धरून आमची रोजची तीन क्विंटलच्या आसपास भरत होती. पाणी घोड्यामागे तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि बोअर आटला की ते सगळं टाकीनं आणायचं. आठ दिवसांत एकेचाळीस खेपा झाल्या. त्यातल्या अडतीस रानातल्या रानात, उकिरड्यापर्यंतच्या चारशे मीटरात. म्हणजे मला रस्त्यावरची गाडी नकोच होती, मी उगाच रस्त्यावरच्या गाड्या बघत फिरत होतो.

चुलतभावाच्या ट्रॅक्टरचा निकाल पावसानं लावला. सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात जो पाऊस झाला तो अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आमचं घर वाचलं, पण रान म्हणजे नुसती रेगाड. पायातली चप्पल ओढून घेईल असा चिखल. चार दिवस लीद मैदानातच पडून होती. ती तशी ठेवून चालत नाही, कारण लिदीतल्या जंतांच्या अळ्या आठवडाभरात गवतावर चढतात आणि तेच गवत घोड्याच्या पोटात जातं. शेवटी पंचेचाळीसचा धूड बोलावला. काम झालं, खोटं कशाला बोलू. पण मैदानात हातभर खोल चाकोऱ्या पडल्या. ऊन पडल्यावर काळी माती दगडासारखी वाळली आणि त्या चाकोरीत आमच्या घोडीचा पाय मुरगळला. महिनाभर ती बांधून होती. बैलाला, म्हशीला अशी जमीन चालून जाते. घोड्याचा पाय म्हणजे काचेचं भांडं.

तिथून पुढं मी फक्त मिनी ट्रॅक्टर बघितले. हे छोटे ट्रॅक्टर आमच्याकडं मोसंबीच्या बागेत, कपाशीच्या ओळीत चालताना दिसतात. तबेल्यासाठी कुणी घेतलेला मी तरी पाहिला नव्हता. जिवो, निओस्टार असे चोवीस एचपीचे दोन-तीन यादीत आले. अट एकच, फोर व्हील ड्राइव्ह पाहिजे. दोनच चाकांवर ओढणारे स्वस्त होते, पण चिखलात त्यांचं मागचं चाक जागेवर फिरत बसतं आणि खड्डा करतं.

शोरूममध्ये मी एक गोष्ट मागितली आणि ती ऐकून सेल्समन हसला. म्हटलं, डेमो माझ्या तबेल्यात द्या, घोडी बांधलेली असताना. एक एकाच सिलेंडरचा ट्रॅक्टर आला, नाव सांगत नाही. धडधड, धडधड. तिसऱ्या ठाणातली घोडी उभीच राहिली आणि दाराची कडी तुटली. दुसरा तीन सिलेंडरचा, एकसारखा घुमणारा. त्याचा आवाज काही कमी नव्हता, पण जनावरांनी कान टवकारले, फुरफुरली आणि पुन्हा तोबऱ्यात तोंड घातलं. माझं मत असं झालंय की घोडं मोठ्या आवाजाला तेवढं भीत नाही, तुटक आवाजाला भीतं. मामा म्हणाले, "हा घ्या." मी तोच घेतला.

पैशांचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता, त्यामुळं त्यानंतर घेतल्यानं मला पस्तीस-चाळीस हजारांचा फरक पडला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करायचा असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका, आधी बिल फाडलं की अनुदान गेलं. मला थांबणं शक्य नव्हतं. आणि ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचंही पासिंग वेगळं करावं लागतं, तो खर्च धरून चला.

ट्रॉलीवरून आठवलं. ट्रॅक्टरची रुंदी मी टेपनं तीनदा मोजली, बोळात खडूनं रेघा मारल्या. ट्रॉली मात्र वर्कशॉपवाल्यावर सोडून दिली. त्यानं नेहमीच्या मापाची, पावणेसहा फूट रुंद करून पाठवली. ट्रॅक्टर बोळात शिरला आणि ट्रॉली खांबाला घासून अडकली. मागं हटेना, पुढं जाईना. शिंगरं बिथरली, आबा पारावर बसून हसत होते. ती पुन्हा कापून साडेचार फुटांची केली, उंची वाढवली. त्याचे वेगळे आठ हजार. दुसरी गोष्ट, हजार लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच एक टन. छोटा ट्रॅक्टर चढावर ते ओढतो, पण उतारावर मागचं ओझं त्यालाच ढकलतं. आता आम्ही टाकी अर्धीच भरतो आणि दोन खेपा करतो.

टायरचा ताप अजून चालू आहे. बाभळीचे काटे एकीकडं, नालबंदाचे सांडलेले खिळे दुसरीकडं. नाल बसवायच्या दिवशी पोरांना चुंबक देऊन बोळ झाडायला लावतो. मैदान सारखं करायला मागं जुनी रेल्वेची स्लीपरफळी बांधून ओढतो, त्यासाठी वेगळं अवजार घेतलं नाही.

रस्त्यावरच्या उरलेल्या तीन खेपांचं काही झालेलं नाही. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला दोन घोड्या न्यायच्या होत्या, तेव्हा मित्राचीच पिकअप भाड्यानं लावली. डिझेल माझं, शिवाय वाटेत जेवण माझं. "घेतली असतीस ती नांदेडची तर?" असं तो लोह्यापर्यंत चार वेळा म्हणाला.