गॅल्व्हस्टनच्या घराखाली

मी ह्यूस्टनला स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, आणि गॅल्व्हस्टन या टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या बेटावरल्या गावातल्या जुन्या लाकडी घराचं काम आलं की सहसा सोडत नाही. परवाचं घर ईस्ट एंडमधलं, १८९० च्या आसपासचं, दोन मजली, व्हरांड्याला लाकडाची कातीव नक्षी. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. स्वयंपाकघराच्या जमिनीला उतार आलाय, तर एका काँट्रॅक्टरने घराखालच्या सगळ्या तुळया बदला म्हणून असा आकडा सांगितला की बाई घरच विकायला निघाल्या होत्या.

टॉर्च आणि टोच्या घेऊन खाली शिरलो, दीड फूट जागा, पोटावर सरपटतच जायचं. दर फुटाला टोच्या मारत गेलो तर टोक जेमतेम आत जायचं. एका ठिकाणी बारीक ड्रिल मारलं आणि राळेचा असा वास सुटला की बास! लाँगलीफ पाईन, सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी भुसा बोटांना चिकटतोय. असं लाकूड आज वखारीत मागून मिळत नाही हो. कुजलं होतं ते फक्त बाथरूमखालचं चारेक फूट, तेही वरचा पाईप गळत होता म्हणून.

मग स्वयंपाकघराखालच्या विटांच्या पिलरशी उकरायला लागलो. शिंपल्यांचा चुरा असलेली राखाडी वाळू, दोन फूट झाले, तीन फूट झाले, वीट काही संपेना. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात या बेटावर निदान ६००० माणसं गेली, त्यानंतर समुद्राकडून १७ फुटी भिंत घातली आणि १९०३ ते १९११ मध्ये गावच वर उचललं, २००० च्या वर इमारती, स्क्रू जॅक माणसांनी हाताने फिरवून, आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू पाण्याबरोबर पाईपने सोडली. घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा. हे सगळं मला पाठ होतं, पण त्या दिवशी ते हाताला लागलं.

पिलरचं दुखणं वेगळंच निघालं. मूळ सांधे चुन्याचे, मागाहून कुणीतरी वरून कडक सिमेंट भरलेलं, मग ओल सांध्यातून निघायची ती मऊ विटेतून निघते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. उतार त्याचाच.

बाहेर येऊन बाईंना सांगितलं, तुळया राहू देत, चार फूट लाकूड आणि तीन पिलर, एवढंच काम. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग मला अंगणात नेऊन लोखंडी कुंपण दाखवलं, जेमतेम गुडघ्याएवढं. लहानपणी त्यांना वाटायचं, हे मुलांसाठी मुद्दाम बुटकं केलंय. उरलेलं कुंपण वाळूत आहे.