‘वादग्रस्त’ हा शब्द मी काढला

२६ जुलै २०२३ची रात्र. पणजीत सकाळपासून धो धो पाऊस होता. आमच्या दैनिकाचं विदेशाचं पान मी जवळजवळ लावून घेतलं होतं. अकराच्या सुमारास वृत्तसंस्थेची एक ओळ आली : आयर्लंडच्या गायिका शिनेड ओ'कॉनर यांचं निधन, वय ५६. पान सोडायला जेमतेम पाऊण तास उरला होता.

वृत्तसंपादक म्हणाले, “सिंगल कॉलम घे. पोपचा फोटो फाडला होता ना, तीच ही. ‘वादग्रस्त गायिका’ कर मथळा.”

‘तीच ही’ मला फार लागलं. माझ्या मोठ्या भावाने म्हापशाच्या बाजारातून आणलेली तिची कॅसेट ऐकत मी वाढले. १९९०मध्ये ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ जगभर गाजलं. ते अमेरिकन गायक प्रिन्सचं गाणं, पण तिच्या आवाजात ते तिचंच झालं. त्याआधी, १९८७चा पहिला अल्बम तिने स्वतः निर्मित केला होता आणि त्यातली बहुतेक गाणी तिचीच होती. कंपनीवाल्यांना ती जरा ‘बायकी’ दिसायला हवी होती, तर तिने डोकंच भादरून घेतलं. १९९१मध्ये ग्रॅमी मिळालं, ते तिने नाकारलं. एवढं सगळं सोडून एका फोटोपुरती तिची ओळख?

तरी संपादकांची काळजी खोटी नव्हती. हा गोवा आहे. आमचे वाचक आणि त्यांचे शेजारी एकाच वाड्यावर राहतात, चर्चच्या फेस्ताला आणि देवळाच्या जत्रेला एकमेकांकडे जातात. आणि पान लावायला माझ्या शेजारी बसलेली सहकारी बार्देशातली, दर रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी. तिच्यासमोर ती बातमी टाइप करताना माझे हात अडखळत होते.

तिनेच विचारलं, “ताई, तो फोटो कुठल्या पोपचा?”

“दुसरे जॉन पॉल.”

“आमगेर आसा तो फोटो.” १९८६च्या फेब्रुवारीत पोप गोव्यात आले, तेव्हा तिची आई कांपालच्या मैदानावर गेली होती. तेव्हापासून घरातल्या आल्ताराशेजारी तो लावलेला आहे. मग ती म्हणाली, “फाडला म्हणून सांगणार, तर का फाडला तेही सांगा. नाहीतर काहीच सांगू नका.”

मी बातमी नव्याने लिहायला घेतली. ३ ऑक्टोबर १९९२, अमेरिकेतला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा टीव्ही कार्यक्रम. बॉब मार्लीचं ‘वॉर’ तिने वाद्यांविना म्हटलं. वंशभेदाच्या ओळींत मुलांवरच्या अत्याचाराचा उल्लेख घातला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर फोटो फाडला. तेरा दिवसांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या मैफलीत लोकांनी तिची हुर्यो उडवली. ती तिथून पळाली नाही. ठरलेलं गाणं बाजूला ठेवून तेच ‘वॉर’ तिने पुन्हा म्हटलं आणि मग ती रंगमंच सोडून गेली. वयाच्या पंधराव्या वर्षी नन्स चालवत असलेल्या एका संस्थेत तिने दीड वर्ष काढलं होतं. पहिली गिटार तिला तिथल्याच एका सिस्टरने आणून दिली होती. हे वाक्य मी मुद्दाम ठेवलं. चर्चच्या संस्थांत मुलांवर काय चाललं होतं, हे आयर्लंडच्या सरकारी चौकशी आयोगाने २००९मध्ये जाहीर केलं. सतरा वर्षांनी.

फोटोमुळे तिचं करिअर संपलं, असं सगळे लिहितात. तिचं स्वतःचं म्हणणं उलट होतं. पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्याने ती रुळावरून घसरली होती, फोटोने तिला पुन्हा रुळावर आणलं. २०२३च्या मार्चमध्ये मायदेशी मिळालेला पुरस्कारही तिने आयर्लंडमधल्या निर्वासितांना अर्पण केला होता.

मजकूर अकरा ओळींनी जास्त झाला. मी एक वाक्य कापलं : तो फोटो तिच्या मृत आईच्या खोलीच्या भिंतीवरचा होता. सहकारीने माझा हात धरला. “ते नको काढू. दुसरं काही काढ.” पावसाच्या अंदाजाची चौकट लहान करून आम्ही जागा केली. मथळ्यात फक्त नाव, ‘गायिका-गीतकार’ आणि वय ठेवलं. संपादकांनी प्रिंट वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली आणि सही केली. बाराला तीन मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहकारी कामावर आली. अंक ती आईसाठी घरी घेऊन गेली होती. आईला रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, वाचता येते, देवनागरी नाही, म्हणून हिने पूर्ण बातमी मोठ्याने वाचून दाखवली, मराठीतून कोंकणीत करत. आई मध्ये काहीच बोलली नाही. संपल्यावर एवढंच विचारलं, “फोटो खंय आशिल्लो?”

“आईच्या खोलीत,” हिने सांगितलं.